इंजिन चालू आहे तोवर

मी टेबलाखालचा डबा बोलतोय. हो, तोच, ज्याला तुम्ही येता-जाता पाय मारता आणि वर मलाच शिवी हासडता. संगणक म्हणा, कॉम्प्युटर म्हणा, काय वाटेल ते म्हणा. या घरात मला ‘म्हातारा’ म्हणतात. हाक मारली की लगेच उठत नाही, उठलो की आधी खोकतो, आणि काम सांगितलं की विचारात पडतो, म्हणून.

आत्ता माझा पंखा फिरतोय. शेवटचं बंद करण्याआधी या घरच्या उस्तादांनी मला जरा वेळ असंच चालू ठेवलंय. का, ते पुढे कळेलच. त्यांनी बटण दाबेपर्यंत जेवढं सांगून होईल तेवढं सांगतो. मधे शंका काढायच्या नाहीत.

माझं शिक्षण बेताचंच. आकडे येतात ते दोनच, शून्य आणि एक. तिसरा शिकवायला कुणी आलं नाही आणि मीही कधी हट्ट धरला नाही. तेवढ्या भांडवलावर चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना माझ्यापुढे हात जोडून बसवलंय. ‘बाबा रे, एवढी प्रिंट काढ’ म्हणून काकुळतीला आलेले पदवीधर मी पाहिलेत. काढली का? मूड असला तर काढली.

माझा जन्म एका गल्लीतल्या दुकानात, काउंटरच्या मागे स्टुलावर झाला. आई-बाप म्हणावं असं कुणी एक नाही. पत्रा एका कारखान्याचा, पंखा दुसऱ्याचा, मेमरी एका मेलेल्या मशीनची उपसून लावलेली. जोडणाऱ्याने शेवटचा स्क्रू दातात धरला होता, तेवढ्यात त्याला फोन आला. बोलायला तोंड उघडलं आणि स्क्रू टुणकन माझ्या पोटात. त्याने झाकण लावलं आणि हात झटकले. तेव्हापासून मला हलवलं की मी वाजतो. लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा. जो उचलेल त्याच्या काळजाचा ठोका चुकतो आणि मला गुदगुल्या होतात.

पहिलं घर मिळालं ते फोटो स्टुडिओचं. तिथे मी माणसांची तोंडं धुतली. कुणाची मुरुमं पुसली, कुणाचे कान सारखे केले. एकदा एक गृहस्थ टोपी काढून फोटोग्राफरला म्हणाले, “जरा केस वाढवून द्या.” फोटोग्राफरने विचारलं, “किती वाढवू?” तर म्हणाले, “बायकोनं पसंत केलं तेव्हा होते तेवढे.” आम्ही वाढवले. घरी गेल्यावर बायकोने ओळखलं की नाही, देव जाणे. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओच्या काचेवर कागद चिकटले, आणि मी एका चादरीत गुंडाळून या घरी आलो.

इथे मला आणलं लेकीनं. ती तेव्हा एक्स-रे काढायचं शिकत होती. रोज माझ्या पडद्यावर माणसांची हाडं. मी म्हटलं, बरं झालं, आधी कातडी बघितली, आता आतलं बघू. शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं, सासरी गेली. नवऱ्याच्या घरी माझ्याहून चपळ मशीन होतं, म्हणून मला मागे ठेवलं. मी कुरकुर केली नाही. नाही म्हणायला निरोप घ्यायला आली तेव्हा मुद्दाम बंद पडलो. तीच माझी रडायची पद्धत.

मग मी लेकीच्या बापाच्या हाती लागलो. ते ट्रक ड्रायव्हर. रस्त्यावरची पोरं त्यांना उस्ताद म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. सगळा जन्म लांबच्या खेपा. आणि एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरची मोठी आली, मधली अंदाजाने आली, खालची आलीच नाहीत. झालं. कंपनीने हार घातला, चावी मागून घेतली आणि त्याच गाडीवर एक नवा गडी चढवला.

त्या दिवशी उस्तादांनी काय केलं ते बाईसाहेब, म्हणजे त्यांची बायको, शेजारणीला सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. “अहो, चावी द्यायच्या आधी सगळी केबिन झाडली. उशी काढली, आरसा काढला, पायाखालची चटई काढली, गोळ्यांचा डबा काढला. स्टिअरिंग ओल्या फडक्यानं पुसलं. मी म्हटलं, त्या नव्या माणसाला कशाला एवढी बडदास्त? तर म्हणाले, दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची तर आपलं काही तिच्यात ठेवायचं नाही. आपला वाससुद्धा नाही.”

ही त्यांची रीत होती. गाडी गॅरेजला द्यायची असली तरी केबिन रिकामी. आणि दुसरी रीत: लांबून आल्यावर इंजिन धाडकन बंद करायचं नाही, तापलेलं असतं, जरा वेळ चालू ठेवायचं, मग बंद. मलाही ते तसंच वागवायचे. काम झालं की लगेच बटण नाही. हात मांडीवर ठेवून बसायचे, म्हणायचे, “थंड होऊ दे.” मी काय डिझेलवर चालतो? पण कुणी मायेनं वागवलं तर आपण कशाला चूक काढायची?

घरी बसलेले उस्ताद म्हणजे बाईसाहेबांना शिक्षा झाली. डाळीत पाणी किती, पंखा किती वर, दार कोणत्या बाजूनं उघडायचं, सगळ्यात लक्ष. लेकीनं ओळखलं. एका रविवारी येऊन तिनं माझ्यात ट्रक चालवायचा गेम टाकला आणि टेबलाला खेळण्यातलं स्टिअरिंग आवळलं, खाली पायाला ब्रेक आणि रेस. उस्ताद म्हणाले, “मी काय पोर आहे?” आणि जेवायला तीन हाका मारल्या तरी उठले नाहीत.

अडचण एकच. पडद्यावरच्या पाट्या त्यांना वाचता यायच्या नाहीत. मग बाईसाहेब स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून शेजारी बसू लागल्या.

आता हे नीट ऐका. एवढी वर्षं नवरा ट्रकवर, पण बाईसाहेब त्या केबिनमध्ये एकदाही बसल्या नव्हत्या. कंपनीचा कायदा होता, केबिनमध्ये घरचं माणूस चालत नाही. नवरा रस्त्यावर, बायको दारात, असा संसार. ती बाई नवऱ्याशेजारी पहिल्यांदा बसली ती माझ्यापुढे. मी टेबलाखालचा डबा, पण मी तिला केबिनमध्ये घेतलं. कंपनीला नाही जमलं ते.

आणि बसली ती काय गप्प बसली?

“अहो, डावीकडे.”

“कुठाय डावीकडे? मला दिसत नाही.”

“मला दिसतंय ना. तुम्ही फिरवा. ब्रेक, ब्रेक, ब्रेक!”

“ब्रेक तुझ्या पायाशी आहे का माझ्या?”

“पाय तुमचा, जीव माझा. आणि त्या माणसाला हॉर्न द्या की! झोपलाय मेला.”

गाडीचा रंग तिनं निवडला, पिवळाधमक. “दुरून ओळखू आली पाहिजे.” त्या गेममध्ये आपली कंपनी काढता येते, हाताखाली ड्रायव्हर ठेवता येतात, त्यांना नावंही आपण द्यायची. बाईसाहेबांनी पहिल्या ड्रायव्हरचं नाव ठेवलं ‘वन्सं’. म्हणजे थेट नणंदबाई! रोज संध्याकाळी हिशेब बघायच्या आणि म्हणायच्या, “वन्सं आजही रिकाम्या हातानं परत आल्या. काढून टाका त्यांना.” उस्ताद म्हणायचे, “अगं, माझी बहीण आहे ती.” “म्हणून तर काढा.” एकदा खऱ्या वन्सं पाहुण्या आल्या. सगळे चहा पीत होते आणि मी, अगदी सहज हो, पडद्यावर पाटी आणून ठेवली: ‘वन्सं, काम असमाधानकारक.’ वन्संनी चष्मा लावला. वाचलं. बशी टेबलावर ठेवली. बाईसाहेब स्वयंपाकघरात पळाल्या आणि पदरात तोंड खुपसून हसल्या. त्या हसण्यावर मी आठवडाभर न अडखळता चाललो.

मग बाईसाहेबांनी मोठी खेप काढली. नकाशाच्या या टोकापासून त्या टोकाच्या समुद्रापर्यंत, पवनचक्कीचं लांबलचक पातं घेऊन. “तुम्ही बघितलात समुद्र, मी कुठे बघितला?” म्हणाल्या. रोज थोडं थोडं जायचे. घाट झाले, पूल झाले. समुद्र जवळ आला होता. एका वळणानंतर बाईसाहेब म्हणाल्या, “अहो, गाडी जरा बाजूला घ्या. मला कसंतरीच होतंय.”

आणि उस्तादांनी काय केलं? त्यांनी खरंच गाडी बाजूला घेतली. इंडिकेटर लावला, हँडब्रेक ओढला. सवय हो, हाडात शिरलेली. मग ते उठले. बाईसाहेब स्टुलावरून उठता उठता म्हणाल्या, “बंद नका करू. आत्ता येते.”

त्या आल्या नाहीत. दवाखान्यातूनच गेल्या.

मला कुणी बंद केलं नाही, त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. घरात माणसं आली, गेली. माझ्या पडद्यावर पिवळी गाडी रस्त्याच्या कडेला उभी आणि इंडिकेटर टिक टिक टिक. शेवटी लेकीचं लक्ष गेलं. तिनं डोळे पुसले आणि गेम बंद केला. जाता जाता तो सगळं आठवणीत ठेवून गेला. गाडी कुठे, पातं कुठे, समुद्र किती दूर. एका फोल्डरमध्ये.

त्यानंतर रोज दिवेलागणीला उस्ताद मला चालू करायचे. गेम उघडायचे. गाडी तिथेच कडेला. हात स्टिअरिंगवर ठेवून बसायचे. रेसवर पाय नाही. शेजारी स्टूल तसंच. इंजिनाची घरघर ऐकायची, इंडिकेटर बघायचा, आणि मग जरा वेळानं बंद करायचं. एकदाही गाडी पुढे काढली नाही. काढणार कशी? माणूस उतरलंय ना. ते चढल्याशिवाय कुठला ड्रायव्हर गाडी हलवतो?

लेक फोनवर मैत्रिणीला सांगायची, “बाबांना गेमचं वेड लागलंय गं. बरंय, मन रमतंय.” रमतंय! मी पंख्यातल्या पंख्यात हसलो. हसलो म्हणजे, दुसरं काय करणार?

आणि मग ती नोटीस आली.

तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. मी नुसता पत्रा. मला हलवणारी, बोलवणारी जी असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. माझी फार जुनी झाली होती. पडद्यावर पाटी आली की या सिस्टिमकडे आता कुणी बघणार नाही. पाठोपाठ गेमवाल्यांची पाटी, की नवीन वर्ष लागलं की जुन्या सिस्टिमवर आमचा गेम उघडणार नाही. बरं, नवी टाकावी, तर तिची पाटी: ‘तुमचं यंत्र यासाठी पात्र नाही.’ इतक्या वर्षांत मला माझ्या तोंडावर अपात्र म्हणणारी ही पहिलीच. उस्तादांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेच मला सांगितलं.

घरात बैठक बसली. जावईबापू खुर्चीवर, लेक पलंगावर, उस्ताद स्टुलाशेजारी. स्टुलावर कुणी नाही.

जावईबापू विमा विकतात. प्रत्येक वस्तू मरायच्या आधी बदलावी असं त्यांचं मत. “बाबा, हा डबा भंगारात द्या. मी नवा आणून देतो. मेलेल्या घोड्यावर खोगीर कशाला?” म्हणाले आणि मला पायानं सरकवलं. मी स्क्रू वाजवला. “बघा! आत काहीतरी तुटलंय!” तीन हात मागे सरकले. माझी करमणूक तेवढीच.

“मला हाच हवा,” उस्ताद म्हणाले.

“पण कशासाठी? तुम्ही एकच तर गेम खेळता.”

“हो. एकच.”

कुणी विचारलं नाही की उघडून काय करता. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का? बाप माणूस जावयापुढे असं सांगेल का, की मी रोज उभ्या गाडीत बसतो म्हणून?

मग लेकीनं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला बोलावलं. हा छापखान्यात कामाला. मी त्याला पेंग्विनवाला म्हणतो, कारण जगात एक फुकट मिळणारी सिस्टिम आहे, तिचं चिन्ह पेंग्विन, आणि हा माणूस तिच्यामागे असा वेडा की कुणी सर्दी झाली म्हटलं तरी म्हणेल, ‘सिस्टिम बदला, बरं वाटेल.’ पण मनाचा चांगला. माझ्यापुढे मांडी घालून बसला, कान लावून पंखा ऐकला आणि म्हणाला, “काका, मशीन ठणठणीत आहे. फक्त आतली सिस्टिम बदलायची.”

उस्ताद हळूच म्हणाले, “म्हणजे गाडी तीच. ड्रायव्हर बदलायचा.”

“वा काका! अगदी बरोबर बोललात!”

बिचारा खूश झाला. उस्तादांनी खिडकीबाहेर बघितलं. लेकीच्या लक्षात आलं, ती म्हणाली, “बाबा, तसं नाही हो.” “तसंच आहे,” ते म्हणाले. “वाईट नसतं ते. गाडी उभी राहण्यापेक्षा बरं.”

पण हा माणूस उडी मारून निर्णय घेणारा नव्हे. नकोच बदलायला, तर नव्या वर्षात गाडी दिसायची नाही. बदलावं, तर काय खात्री? दिवसचे दिवस घोळ घातला. मलाच विचारायचे, “काय रे म्हाताऱ्या, पेलेल का तुला?” मी आपला खोकायचो.

एका दुपारी त्यांनी टेबलाचं स्टिअरिंग सोडवलं, टॉवेलात गुंडाळलं आणि वर गेले. पेंग्विनवाल्याच्या मशीनवर लावून बघितलं. परत आल्यावर लेकीला फोनवर सांगत होते, “ब्रेक लागतो. रेस बरोबर आहे. आरसे दिसतात. हॉर्न वाजतो, मी दोनदा वाजवला, त्याची बायको बाहेर आली. मी त्याला विचारलं, माझा गेम जसाच्या तसा येईल? म्हणाला, जसाच्या तसा.”

खोटं नव्हता बोलला तो. गेम तसाच येणार होता. उस्ताद गाडीबद्दल विचारत होते आणि तो गेमबद्दल सांगत होता, आणि दोघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी सगळं जाणून होतो आणि मला आकडे दोनच येतात.

बरं, पेंग्विनवाला काही निष्काळजी नव्हता. बदलायचं ठरलं तेव्हा आदल्या सकाळी येऊन त्यानं बजावलं होतं, “काका, उद्या मी आधी तुमचं जे काही आत आहे ते सगळं दुसरीकडे उतरवून घेईन. मगच पुसायला घेईन.” सगळं म्हणजे सगळं. तो फोल्डरसुद्धा. समजलं ना? गाडी वाचली होती. उस्ताद काही न करता नुसते बसले असते तरी वाचली असती.

पण उद्या दुसऱ्या माणसाच्या हातात गाडी द्यायची होती.

दुपारी जेवण झाल्यावर उस्ताद माझ्यापुढे बसले. चष्मा लावला, वर भिंग धरलं. म्हणाले, “चल, केबिन झाडू.” मला तेव्हाच घाम फुटला. दवाखान्याचे रिपोर्ट, विजेची बिलं, बाईसाहेबांचे फोटो, सगळं एका छोट्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि तो शर्टाच्या खिशात टाकला. हे त्यांचं सामान. मग राहिलेलं झाडायला घेतलं. लेकीच्या हाडांची चित्रं गेली. स्टुडिओतल्या अनोळखी माणसांची तोंडं गेली, ते केस वाढवलेले गृहस्थही गेले. मग त्या फोल्डरवर आले. भिंगातून नाव वाचलं. गेमचं नाव. स्वतःशीच म्हणाले, “हा तर तो नवा टाकणार आहे. मग जुना कशाला ठेवायचा? त्याला उगाच अडचण.”

मी माझ्या सगळ्या खोड्या बाहेर काढल्या. पंखा असा गरगरवला की टेबल थरथरलं. माउसचा बाण गोठवला. पडदा पांढरा केला. इतकी वर्षं या खोड्यांवर मी घर डोक्यावर घेतलं होतं. उस्तादांनी मायेनं माझ्या पाठीवर एक चापट मारली, “नाटकं करू नको रे, उद्या नवा ड्रायव्हर येतोय तुझा.” चापट बसली की मी सुरळीत चालतो, ही माझीच लावलेली सवय. चाललो.

शेवटी माझ्याकडे एकच वाक्य होतं. तेवढंच मला बोलता येतं. मी पडद्यावर विचारलं: ‘हे कायमचं काढून टाकायचं का?’

जगात ही पाटी कुणी वाचत नाही. तुम्हीही नाही. हो म्हणून मोकळे होता. उस्तादांनी तर भिंग धरून पूर्ण वाचलं, मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाले, “हो बाबा. दुसऱ्याला स्वच्छ द्यायचं असतं.”

इंटरनेटवर एक प्रत ठेवायची सोय असते म्हणे त्या गेमला. एका चौकोनात खूण करायची. ती खूण कुणी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेंग्विनवाला आला, आत डोकावला आणि चाट पडला. “काका, एवढं स्वच्छ मशीन मी जन्मात पाहिलं नाही. उतरवून घ्यायला काही ठेवलंच नाहीत!”

“सवय आहे,” उस्ताद म्हणाले. चेहऱ्यावर केवढा अभिमान!

त्यानं मला पुसलं. नवी सिस्टिम घातली. आता तुम्ही विचाराल, म्हाताऱ्या, तू पुसला गेलास तर तुला हे सगळं आठवतं कसं? अहो, पुसली ती डिस्क. शहाण्यांना वाटतं आठवण तिथे असते. माझ्या पोटात इतक्या वर्षांची धूळ आहे. या घरातल्या माणसांच्या अंगाखांद्यावरून उडालेली, श्वासाबरोबर आत ओढलेली. तिला कुणी हात लावला नव्हता.

संध्याकाळी सगळे जमले. गेम सुरू झाला आणि खरंच सुरेख चालला. जुन्या सिस्टिमवर अडखळायचा, इथे लोण्यासारखा. जावईबापूंनीसुद्धा मान डोलावली. पेंग्विनवाला असा उभा की आता कुणी पाठ थोपटावी. उस्ताद स्टिअरिंगला हात लावून वाट बघत होते.

पडद्यावर आलं: ‘स्वागत. नवी कंपनी सुरू करा. तुमचं नाव?’

“आमची गाडी?” उस्ताद म्हणाले.

“ही काय काका, नवी कोरी. रंग निवडा.”

“नाही. आमची पिवळी. ती उभी आहे ना कडेला. इंडिकेटर लावून.”

जावईबापू हसले. “बाबा, आता परत पहिल्यापासून खेळा. तेवढाच वेळ जाईल.”

पेंग्विनवाला हसला नाही. त्याला कळलं. त्याचं तोंड पांढरं पडलं, खाली बसून त्यानं भराभर शोधायला सुरुवात केली, पुसलेलं परत आणायच्या काय काय युक्त्या केल्या. नव्या सिस्टिमनं त्या जागेवर आपलं बिऱ्हाड मांडलेलं. त्यानं मान वर करून विचारलं, “काका, काल तुम्ही जे साफ केलंत, त्यात…”

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. जन्मभर ज्यानं अंधारात समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज घेतला, त्याला एका माणसाचा चेहरा वाचता येणार नाही होय? त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू दे. चालतंय ना? मस्त चालतंय. चहा घे.”

“बाबा, काय झालं?” लेकीनं विचारलं.

“कुठे काय. पळतंय बघ कसं.”

तुम्हाला काय वाटलं, आता मी एखादी खोडी काढेन? काही सुचलं नाही मला.

त्यानंतर त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. गेमनं दिलेला लहानसा ट्रक घेतला आणि समुद्राचा रस्ता शोधत निघाले. तिथे पोचलं की कदाचित कडेला पिवळी दिसेल, असं काहीतरी मनात असावं. माणूस मोठा वेडा प्राणी. पण पाट्या वाचता येत नव्हत्या. एका फाट्यावर उजवीकडे गेले, परत तिथेच आले. परत गेले, परत तिथेच. मग एका खांबाला धडकून थांबले. लेक आलेली होती. ती स्टूल ओढून बसली, “बाबा, थांबा, मी सांगते रस्ता. डावीकडे घ्या.”

उस्ताद तिच्याकडे बघत राहिले. मग स्टिअरिंगवरून हात काढले. “नको. डोळे चुरचुरतात.” आणि उठून आत गेले.

मग त्यांनी मला चालू करणं सोडलं. लेक जावईबापूंना म्हणाली, “बरं झालं, बाबांचं वेड सुटलं.” स्टिअरिंग खिळ्याला टांगलं गेलं. स्टूल परत स्वयंपाकघरात गेलं, त्यावर आता पिठाचा डबा असतो. आणि मला पेंग्विनवाल्याच्या ओळखीच्या एका वाचनालयात द्यायचं ठरलं. उद्या न्यायला येतात. सिस्टिम नवी आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणे. पडेलही.

आणि मला दुसऱ्याच्या हातात द्यायचं, म्हणून उस्तादांनी आज माझी केबिन झाडली. आत झाडायला काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी माझं झाकणच उघडलं. ओलं फडकं घेतलं, जुना दाढीचा ब्रश घेतला, आणि पंख्यापासून तळापर्यंत सगळी धूळ काढली. हळुवार, एकेक कोपरा. तळाशी तो स्क्रू सापडला. त्यांनी तो दिव्याकडे धरून बघितला, “इथे होतास होय,” म्हणाले आणि त्याच्या जागेवर घट्ट बसवून टाकला. आता मला हलवलं तरी मी वाजणार नाही. शेवटची खोडीही गेली.

झाकण लावून त्यांनी मला एकदा चालू करून बघितलं. ते फडकं इथेच टेबलाच्या कडेला आहे. अजून झटकलेलं नाही. म्हणून हे सगळं सांगू शकलो.

तर आता ती गाडी कुठेच नाही, फक्त तुम्हाला सांगितली तेवढी आहे. तुमच्याकडे एकच मागणं. कधी समुद्राच्या रस्त्यानं निघालात आणि कडेला एखादी पिवळी गाडी दिसली, इंडिकेटर लावून उभी, तर थांबू नका, विचारपूस करू नका. हलकासा हॉर्न द्या आणि पुढे जा. आतल्या माणसाला कळेल की कुणीतरी बघितलं.

उस्तादांनी हात मांडीवरून उचलला. “झालास थंड,” म्हणाले. आता बटणावर त्यांचा अंगठा आहे. फोल्डर काढताना निदान मला एकदा विचारता तरी आलं होतं. हे बटण दाबताना काही विचारायची सोय नसते.